जुनी गाडी, मार्चअखेर आणि दानाची पावती

जुनी गाडी एखाद्या संस्थेला देऊन टाकायची आणि तिच्या किमतीएवढी सूट आयकरात घ्यायची, असा विचार मार्च जवळ आला की अनेकांच्या मनात येतो. हेतू चांगला आहे. दारात धूळ खात उभ्या असलेल्या गाडीने एखाद्या आश्रमशाळेचं, वृद्धाश्रमाचं किंवा दवाखान्याचं काम होत असेल तर ते व्हायलाच हवं. पण आयकराचा हिशेब आधी स्पष्ट करून घ्या: आपल्या देशात गाडी दान केली तर तिच्या किमतीवर आयकरात एक रुपयाचीही वजावट मिळत नाही. कलम ८०जी फक्त पैशाच्या रूपात दिलेल्या दानाला लागू आहे. धान्य, कपडे, औषधं, संगणक, गाडी असं वस्तूरूपाने कितीही मोलाचं दान दिलं, तरी कायद्याच्या दृष्टीने ते या सवलतीत बसत नाही. संस्थेने ‘अंदाजे किंमत दीड लाख’ असं लिहून पावती दिली तरी त्या पावतीचा विवरणपत्रात उपयोग नाही.

हा गैरसमज बहुधा परदेशातून आला आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर, चिखली, लोणारकडची किती तरी मुलं आता अमेरिकेत नोकरीला आहेत. तिथे जुनी गाडी धर्मादाय संस्थेला देऊन करात वजावट घेण्याची पद्धत खरोखरच आहे, आणि तिथलं करवर्ष ३१ डिसेंबरला संपत असल्यामुळे वर्षाच्या शेवटी त्याच्या जाहिरातीही जोरात असतात. मात्र तिथेही मनाला येईल ती किंमत लावता येत नाही. ५०० डॉलरपेक्षा जास्त वजावट मागायची असेल, तर संस्थेने ती गाडी विकून प्रत्यक्ष जेवढे पैसे मिळवले तेवढीच रक्कम साधारणपणे धरली जाते. संस्थेने गाडी स्वतःच्या कामासाठी ठेवली, तर नियम वेगळा. हे बंधन २००५ पासून आहे, आणि संस्थेला १०९८-सी नावाचा नमुना भरून द्यावा लागतो. मुलाने फोनवर सांगितलेलं त्याच्या देशापुरतं खरं असतं. ते इथे लागू करू नका. उलट बाजूही लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या मुलाने आपल्या तालुक्यातल्या संस्थेला थेट डॉलर पाठवले, तर त्याला तिथल्या करात त्याची वजावट मिळत नाही. आणि इथल्या संस्थेला परदेशी पैसा स्वीकारण्याचे वेगळे नियम आहेत. दाता परदेशी नागरिक झालेला असेल, तर संस्थेकडे परदेशी निधीची परवानगी आहे का हे आधी विचारावं.

मग आपण काय करावं? माझं मत सरळ आहे: गाडी विका आणि आलेले पैसे दान करा. घरच्या वापराची गाडी विकून जी रक्कम येते तिच्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, कारण स्वतःच्या वापराची गाडी ही त्या अर्थाने भांडवली मालमत्ता धरली जात नाही. म्हणजे विक्रीत कर नाही, आणि ती रक्कम बँकेतून संस्थेला दिली की वजावटीचा हक्क येतो. शिवाय संस्थेला गाडीपेक्षा पैसा बहुधा जास्त उपयोगी पडतो. संस्थेला गाडी घ्यायची म्हटलं की चालक, डिझेल, विमा, टायर, दुरुस्ती, सगळं मागोमाग येतं. पैशातून मात्र ती औषधं घेईल, वसतिगृहाचं किराणा बिल भागवेल किंवा तिला हवी तशीच गाडी घेईल.

गाडी धंद्याच्या वह्यांत असेल, म्हणजे डॉक्टर, वकील, अडत्या किंवा कृषी केंद्रवाल्याने तिच्यावर दरवर्षी घसारा घेतला असेल, तर मात्र हिशेब बदलतो. विक्रीची रक्कम त्या गटातल्या मालमत्तेच्या शिल्लक किमतीतून वजा होते, आणि शिल्लकीपेक्षा जास्त आली तर फरकावर कर लागू शकतो. अशी गाडी विकण्याआधी सीएंना विचारा.

आता वजावट नेमकी किती मिळते ते पाहू, कारण इथेच सर्वांत जास्त निराशा होते. बहुतेक नोंदणीकृत संस्थांना दिलेल्या दानाच्या निम्मीच रक्कम वजावटीला धरतात. त्यातही कमाल मर्यादा आहे. इतर वजावटी काढून राहिलेल्या एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतचंच दान विचारात घेतलं जातं. एक उदाहरण घ्या. जुन्या करप्रणालीत असलेल्या एका शिक्षकाचं इतर वजावटी जाऊन उत्पन्न ९ लाख रुपये आहे. त्याने गाडी १ लाख २० हजारांना विकली आणि सगळी रक्कम एका संस्थेला मार्चमध्ये दिली. १० टक्के म्हणजे ९० हजार, तेवढंच दान धरलं जाईल. त्याच्या निम्मे ४५ हजार ही त्याची वजावट. या उत्पन्नाला २० टक्क्यांचा टप्पा लागतो, म्हणून ९ हजार रुपये कर वाचतो, उपकर धरून ९ हजार ३६०. सव्वा लाखाच्या आसपासचं दान आणि बचत नऊ हजार. हा आकडा पाहून ज्याचा दान करण्याचा उत्साह जाईल, त्याने गाडी विकून पैसे घरात ठेवावेत, त्यात काही वाईट नाही. ज्याला द्यायचंच आहे त्याला ही नऊ हजारांची मदत सरकारकडून मिळते, एवढाच या सवलतीचा अर्थ.

याच उदाहरणात थोडी योजना केली तर फायदा वाढतो. ९० हजार ३१ मार्चच्या आत द्यायचे आणि उरलेले ३० हजार एप्रिलमध्ये. दोन आर्थिक वर्षांत विभागल्यामुळे मर्यादेत बसून पूर्ण रकमेच्या निम्मी वजावट मिळते. संस्थेचं कामही अडत नाही, कारण पंधरा दिवसांचाच फरक असतो. प्रधानमंत्री राष्ट्रीय मदत निधी किंवा मुख्यमंत्री सहाय्यता निधीला दिलं तर पूर्ण १०० टक्के वजावट मिळते आणि १० टक्क्यांची मर्यादाही नाही. पण गावातल्या संस्थेचं काम डोळ्यांनी दिसत असतं, आणि बहुतेकांचा ओढा तिकडेच असतो. तो असावाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते, आणि तिच्यात कलम ८०जीची सूट नाही. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. तालुक्यातले बहुसंख्य शिक्षक, बँक कर्मचारी, ग्रामसेवक याच टप्प्यात येतात. त्यांना कर नाहीच, तर सूट कशाची घेणार? केवळ दानाची पावती वापरण्यासाठी जुन्या प्रणालीत परत जाणं बहुधा तोट्याचंच ठरतं. दोन्ही प्रणालींत कर किती येतो याची कागदावर आकडेमोड करून मगच ठरवा.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू होतो. त्यात कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या दानाला जुन्या क्रमांकांनी हिशेब होईल. त्यानंतरच्या पावतीवर नवा क्रमांक दिसला तर गोंधळून जाऊ नका.

पैसे देताना रोख २ हजारांच्या वर देऊ नका. त्यावरच्या रोख दानाला वजावट मिळत नाही. धनादेश, एनईएफटी किंवा यूपीआय चालतं. संस्थेकडून साधी पावती घेऊन थांबू नका. तिला तुमचा पॅन द्या. संस्था वर्षअखेरीनंतर दात्यांचं विवरण आयकर विभागाला देते आणि त्यातून तुमच्या नावाचं दहा-बीई प्रमाणपत्र तयार होतं. ते प्रमाणपत्र नसेल तर वजावट अडते. हे विवरण मेअखेरपर्यंत द्यायचं असतं, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात संस्थेला फोन करून प्रमाणपत्र मागून घ्या. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ करू नका.

संस्था खरी आहे का हे तपासायला आयकर विभागाच्या संकेतस्थळावर तिचं नाव किंवा पॅन टाकून ८०जीची नोंदणी आणि तिची मुदत पाहता येते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालचा नोंदणी क्रमांक पावतीवर असायला हवा. तो क्रमांक असला म्हणजे ८०जीची नोंदणीही आहे, असं नाही. त्या दोन वेगळ्या नोंदी आहेत. नावाजलेली, वर्षानुवर्षं काम करणारी संस्थाही कधीकधी नूतनीकरणाला उशीर करते, म्हणून दरवर्षी पाहा. आणि कोणी एजंट म्हणाला, ‘पाच हजार द्या, दोन लाखांच्या दानाची पावती देतो’, तर त्याला दारातून परत पाठवा. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने खोट्या वजावटींच्या दाव्यांवरून देशभर दीडशेच्या आसपास ठिकाणी कारवाई केली, त्यात ८०जीचे दावेही होते. उत्पन्न चुकीचं दाखवल्यावर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड लागू शकतो. विवरणपत्रावर तुमची सही असते. दंडही तुम्हालाच लागतो.

हे सगळं वाचूनही काही जण म्हणतील, सवलत नको, मला गाडीच द्यायची आहे. द्या, पण आधी संस्थेत जाऊन विचारा की गाडी कोणत्या कामाला लागणार आहे. गाडी दारात उभी राहून गंजणार असेल तर देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं दोघांचं नुकसान. मेहकरहून रुग्ण संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात न्यायचा, म्हणजे समृद्धी महामार्गाने वेगात जाणं आलं. तिथल्या सिमेंटच्या रस्त्यावर घासलेले टायर जीवघेणे ठरतात. गाडी द्यायची असेल तर टायर, ब्रेक आणि दिवे नीट करून द्या. टायरचा जोड बदलायचा खर्च वाटतो तेवढा नसतो, आणि दानाची गाडी म्हणून तिच्यात बसणाऱ्या माणसाचा जीव स्वस्त होत नाही.

रुग्णवाहिका करायची म्हणून जीप दिली जाते तेव्हा एक अडचण येते. गाडीत बसण्याची रचना बदलणं, स्ट्रेचर बसवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाही, आणि रुग्णवाहिकेसाठी ठरवून दिलेल्या मानकांत प्रत्येक जुनी गाडी बसत नाही. त्यामुळे रुग्णवाहिकेसाठी देणगी द्यायची असेल तर पैसे द्या, गाडी नको.

गाडी द्यायची ठरली, तर सर्वांत महत्त्वाचं काम म्हणजे ती संस्थेच्या नावावर करून देणं. मला या लेखात आवर्जून सांगायचं आहे ते हेच. किल्ली दिली, फोटो काढला, पेपरात बातमी आली, आणि आरसीवर नाव तुमचंच राहिलं, असं घडू देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये एका खटल्यात स्पष्ट सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. त्या प्रकरणात गाडी एका हातून दुसऱ्या हाती अशी बरीच फिरली होती, पण नोंद पहिल्याच माणसाच्या नावावर होती. ज्याने गाडी कधीच देऊन टाकली होती त्याच्याच माथी भरपाई बसली. दान दिलेल्या गाडीने उद्या कोणाला धक्का दिला तर तुमच्यावरही हीच वेळ येईल.

हस्तांतरणाची कागदं फार नाहीत. फॉर्म २९ दोन प्रतींत आणि फॉर्म ३०, दोन्हींवर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही. आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांचे पॅन आणि पत्त्याचे पुरावे. चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घासून घेतलेला छाप. संस्थेच्या बाजूने नोंदणी प्रमाणपत्र आणि विश्वस्त मंडळाचा ठराव, ज्यात गाडी स्वीकारली आणि अमुक विश्वस्ताला सहीचा अधिकार दिला असं लिहिलेलं असावं. कर्जावर घेतलेली गाडी असेल आणि बँकेचा बोजा अजून आरसीवर असेल, तर बँकेचं ना-हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवून घ्या. बरेच जण कर्ज फेडून मोकळे झालेले असतात, पण बोजा उतरवायचा राहिलेला असतो, आणि ते दान द्यायच्या दिवशी कळतं. गाडी दुसऱ्या जिल्ह्यातल्या आरटीओच्या हद्दीत जाणार असेल, उदाहरणार्थ वाशीम किंवा जालन्याच्या संस्थेला, तर फॉर्म २८ वर ना-हरकत घ्यावी लागते. कायद्याने देणाऱ्याने हस्तांतरणाची माहिती चौदा दिवसांत कळवायची आहे.

एमएच-२८ पासिंगची गाडी म्हणजे काम बुलढाणा कार्यालयाचं. चिखलीमार्गे तिथे जाऊन एका दिवसात होईलच याची खात्री नाही, म्हणून परिवहन संकेतस्थळावर अर्ज आणि फी आधी भरून ठेवा. तालुक्याला होणाऱ्या आरटीओ शिबिराची तारीखही पाहा. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर उच्च सुरक्षेची नंबरप्लेट बसवून घ्या, नाहीतर काम अडतं. थकीत ई-चलानही आधीच भरून टाका.

किल्ली देताना एका कागदावर तारीख, वेळ, मीटरचा आकडा आणि दोघांच्या सह्या घेऊन ठेवा. नोंदणी संस्थेच्या नावावर होईपर्यंत तो कागद तुमचं संरक्षण आहे. जुना फास्टॅग बंद करा किंवा काढून घ्या. नाहीतर संस्थेची गाडी समृद्धीवर जाईल आणि टोल तुमच्या खात्यातून कटत राहील. विम्याचा नो क्लेम बोनस तुमचा असतो, गाडीचा नव्हे. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवलं, तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या गाडीला तो वापरता येतो. आणि संस्थेने विमा तिच्या नावावर करून घेण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करायचा आहे, हे तिला आठवणीने सांगा. तिसऱ्या व्यक्तीचा विमा चालू राहतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई नाव बदलल्याशिवाय मिळणं कठीण.

पंधरा वर्षं पूर्ण झालेली गाडी दान देणं मला पटत नाही. अशा गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवायला संस्थेला फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि ५ हजार रुपये शुल्क हा सगळा खर्च करावा लागतो. वीस वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून हे शुल्क १० हजार रुपये झालं आहे. तुम्ही ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवताय, आणि त्याला दान म्हणताय. अशी गाडी नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात द्या. तिथून भंगाराची किंमत मिळते, शिवाय जमा प्रमाणपत्र मिळतं, ज्यावर नवी गाडी घेताना वाहन करात सूट आहे. भंगाराचे जे पैसे आले ते संस्थेला बँकेतून द्या. तेच खरं दान, आणि तेच ८०जीत बसणारंही. गल्लीतल्या भंगारवाल्याला मात्र गाडी देऊ नका. नोंदणी रद्द झाल्याचा कागद त्याच्याकडून मिळत नाही, आणि आरसी तुमच्या नावावर तशीच राहते.

गाडी न देताही ती कामी लावण्याचा एक मार्ग आपल्या मेहकर तालुक्यात आधीपासून आहे. हिवरा आश्रमच्या विवेकानंद आश्रमात, शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या त्या स्थळी, विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादाला लाखोंचा समुदाय बसतो, आणि पुरी-भाजी पंगतीपर्यंत नेण्यासाठी शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर मैदानात उतरतात. ट्रॅक्टर मालकाचाच, चालकही त्याचाच, आणि सेवा त्या दिवसापुरती. गाडी कायमची देण्याऐवजी आठवड्यातला एक दिवस, डिझेलसह, संस्थेच्या कामाला द्यायची, असं ठरवून पाहा. डोळ्यांच्या शिबिराला खेड्यातल्या म्हाताऱ्यांना आणणं-पोचवणं, मुलांना परीक्षा केंद्रावर सोडणं, रक्तदान शिबिराचं सामान नेणं, ही सगळी कामं एका साध्या गाडीने होतात. मालकी, विमा, दुरुस्ती सगळं तुमच्याकडेच राहतं, आणि संस्थेवर काही बोजा पडत नाही. फक्त कोणाकडून भाडं घेऊ नका, कारण पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवता येत नाही. डिझेलचा खर्च दान म्हणून दाखवता येणार नाही. मात्र दरमहा संस्थेला थोडी रक्कम यूपीआयने देत राहिलात, तर तिची वजावट वर दिलेल्या नियमाने मिळेल.

शेवटी वेळापत्रकाचं सांगतो. गाडी विकून दान करायचं असेल तर जानेवारीतच ग्राहक शोधायला लागा, कारण मार्चमध्ये घाईत विकली तर दलाल भाव पाडतात, आणि नोंदणीची कागदंही घाईत अर्धवट राहतात. गाडीचे पैसे खात्यात आले की २५ मार्चच्या आसपास संस्थेच्या खात्यात वर्ग करा. शेवटच्या दोन दिवसांत बँकांवर कामाचा ताण असतो, आणि ३१ मार्चनंतर जमा झालेली रक्कम पुढच्या वर्षात धरली जाते. पावती, दहा-बीई प्रमाणपत्र, ग्राहकाच्या नावावर झालेल्या नव्या आरसीची प्रत आणि बँकेची नोंद हे चारही कागद एका पाकिटात घालून सहा-सात वर्षं जपून ठेवा.

ज्यांच्या दारात चालू स्थितीतली, पंधरा वर्षांच्या आतली, कोणी न वापरणारी गाडी आहे, त्यांनी या आठवड्यात आपल्या ओळखीच्या एका संस्थेत जाऊन एवढाच प्रश्न विचारावा: तुम्हाला गाडी हवी आहे की पैसे? संस्था जे सांगेल त्याप्रमाणे करा.